तिरपी धार

सांगली
२ ऑगस्ट २०२३

तीर्थरूप आबा,

सीमाचा सांगलीहून तुमच्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि विक्रम मध्ये बसून "ताई म्हणते मजेत आहे" एवढंच तुमच्या कानात ओरडतो. मी तिकडे घडाघडा बोललेली असते, त्याचं होतं एक वाक्य. म्हणून पत्र. चष्मा लावून तुमचं तुम्हीच वाचा, कुणाकडून वाचून घेऊ नका.

परवा विक्रम सहज म्हणाला, की आबा हल्ली हेमांगीला रंध्याच्या पात्यांना धार लावायला शिकवतात. सहज म्हणजे, आज भाजीला दोडकी होती असं सांगावं इतकं सहज. मला काही वाईट वाटलं नाही हं. सून आहे तुमची, घरात असते, शिकवा की. आनंदच आहे. फक्त एवढंच मनात आलं, की तिच्या लग्नाला वीस वर्षं उलटून गेली, तेव्हा नाही सुचलं, मध्ये नाही सुचलं, आत्ताच का?

तुम्ही मिलमधून घरी यायचात, यंत्रांचे लाकडी साचे करून करून कपड्यांना सागाचा वास असायचा, आणि चहाच्याही आधी दगड काढून बसायचात. समोर मी. विक्रमला बोलावलंत तर तो पतंग घेऊन पळायचा. माझ्या डाव्या हातावर आई लाटणं मारायची, शाळेत बाई पट्टी मारायच्या. तुम्ही एकटे म्हणालात, "पोलादाला काय कळतंय डावं-उजवं? लाव धार." माझा डावा अंगठा जास्त दाबायचा, म्हणून लहान रंध्याच्या पात्याची धार एका कोपऱ्याकडे तिरपी व्हायची. दुसऱ्या कुणी अशी केली असती तर तुम्ही त्याला अंगणात उभं केलं असतं. माझी तशीच ठेवलीत. मी सासरी गेले तरी ती तिरपी मोडली नाहीत. दर खंडेनवमीला पणजोबांच्या तलवारीशेजारी तेच पातं पूजेला मांडता. मागे आले होते तेव्हा बघून गेले आहे ना मी.

तर आबा, ते पातं कुठं आहे? त्याला कुणी हात लावायचा नाही. झिजून झिजून बोटभर उरलंय, आता ते मला द्या. दसऱ्याला येईन तेव्हा घेऊन जाईन. बाकीची पाती ज्यांना शिकवायचं त्यांना शिकवा.

तुमची
सीमा


बिर्लानगर, ग्वाल्हेर
११ ऑगस्ट २०२३

चि. सीमा,

आशीर्वाद. चष्म्याचा नंबर बदलला आहे, म्हणून मी सांगतो आणि हेमांगी लिहिते. तुझं पत्र मात्र मीच वाचलं.

आत्ताच का, असं विचारतेस. सुतार अजून पाती घेऊन येतात. कामाला आणखी हात पाहिजेत. हेमांगीचा हात हलका आहे. दगड खात नाही आणि पातंही खात नाही. मला जे यायला वर्ष लागलं ते तिला महिन्यात आलं.

तुझं पातं पेटीत आहे, चामड्यात गुंडाळून. कुठं जात नाही. दसऱ्याला ये. येताना तिकडची हळद आण.

आबा

सीमाताई, खाली मी हेमांगी लिहिते आहे. "हात हलका आहे" हे मी माझ्या मनानं नाही घातलं. मी म्हटलं पण, आबा, हे कशाला, ताईंना वाईट लागेल. तर म्हणाले, लिही. त्यांच्यापुढे कोणाची चालते? तुमचं पत्र त्यांनी उशीखाली ठेवलं आहे. दिवसातून कितीदा काढतात. तुम्ही नक्की या.


सांगली
२० ऑगस्ट २०२३

हेमांगी,

हे पत्र तुला आहे. आबांना दाखवायची गरज नाही.

हलका हात म्हणे! मी त्या दगडापाशी मोठी झाले, बोटं कापून घेतली, शाळेत जाताना नखांतलं काळं तेल घासून घासून काढलं. एवढ्या वर्षांत आबांच्या तोंडून "बरी आहे" याच्यापुढे शब्द ऐकला नाही. "बरी आहे" ऐकलं की मी दिवसभर हवेत असायची. आणि तुला महिन्याभरात हलका हात! बरं बाई. नशीब एकेकाचं.

आणि ते चष्म्याचं काय गं? माझं पत्र वाचायला नंबर चालतो आणि लिहायला चालत नाही? मी काही कुक्कुलं बाळ नाही. मधे कुणीतरी बसल्याशिवाय माझ्या वडलांचा शब्द माझ्यापर्यंत यायचा नाही, अशी सोय झालेली दिसतेय. आधी फोनवर नवरा, आता पत्रात बायको.

तुला येतं तरी काय, ते बघू. पात्याची मागची बाजू आधी आरशासारखी सपाट केलीस का? लोक ती विसरतात आणि पुढूनच घासत सुटतात. पुढून घासताना मागे बारीक खरखरीत काठ वळतो, तो बोटाला लागल्याशिवाय थांबायचं नाही. मग तो मागून हळूच काढायचा. धार नखावर टेकवायची. घसरली तर बोथट, अडकली तर लागली. हे सगळं आबांनी सांगितलंच असेल म्हणा. तुला तर सगळंच सांगतात.

एक कर. तू धार लावलेल्या पात्यानं सागाच्या फळीवर रंधा मार आणि जी साल निघेल ती पाकिटात घालून पाठव. तोंडानं काहीही सांगता येतं, साल खोटं बोलत नाही. बघते तुझा हलका हात.

सीमंतिनी


बिर्लानगर, ग्वाल्हेर
१ सप्टेंबर २०२३

सीमाताईंना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. वाचून चांगलं नाही लागलं, पण तुम्ही मोठ्या आहात, बोललात तर बोललात.

साल पाठवते आहे. वहीच्या पानात ठेवली आहे, उघडताना फुंकर नका मारू, उडून जाईल. दुपारी आबा झोपले होते तेव्हा काढली.

तुम्हाला वाटतं, मला सगळं मिळून गेलं. काय मिळालं ते सांगते. मी धार लावते, आबा बोट फिरवून बघतात, म्हणतात, "ठीक. पण सीमा असती तर एव्हाना चार पाती झाली असती." मी भाकरी केली तर सीमाची भाकरी पातळ. मी हसले तर सीमा मोठ्यानं हसायची. मला शिकवायला नवा दगड आणला बाजारातून. जुनी सिल्ली, ज्या दगडावर तुम्ही धार लावायच्या, ती तुमच्या जुन्या परकराच्या तुकड्यात बांधून ठेवली आहे. त्या दगडाला मी हात लावायला गेले तर म्हणाले, "तो राहू दे." बस, एवढंच. राहू दे.

तुमच्या गोष्टी ऐकून ऐकून मला तर असं वाटतं, की तुम्ही इथंच राहता आणि मीच माहेराहून, मुरारहून, कधी कधी येते.

साल बघून सांगा कशी आहे.

हेमांगी


सांगली
९ सप्टेंबर २०२३

हेमांगी,

साल मिळाली. खिडकीत उजेडाला धरली.

ही साल मोठ्या रंध्याची नाही. दोन बोटं रुंदीची आहे. त्या घरात एवढ्या रुंदीचा रंधा एकच, लहान, आणि त्याचं पातं माझं. माझ्या पात्याची साल मी झोपेत ओळखेन. एका कडेला जाड निघते आणि दुसऱ्या कडेला विरत विरत जाते, कारण धारच तिरपी. ही दोन्ही कडांना सारखी आहे. एकसारखी, सुरेख, कुठं म्हणून उणं नाही. कुणीतरी माझी धार सरळ केली.

कुणीतरी कशाला म्हणू? आबांशिवाय त्या पेटीची किल्ली कुणाकडे असते? मी एवढं लिहिलं, त्याला कुणी हात लावायचा नाही, आणि त्यांनी चामड्यातून काढून तुझ्या हातात दिलं. वर सरळ करून दिलं, तुझ्या उजव्या हाताला सोयीचं जावं म्हणून! चाळीस वर्षं माझा हात त्यांनी त्या लोखंडात ठेवला होता गं. मी इकडे सासूची बोलणी खाल्ली, डाव्या हातानं वाढते म्हणून पंगतीतून उठवली गेले, तेव्हा मनाशी म्हणायची, असू दे, ग्वाल्हेरला एका पात्यावर माझा डावा हात आहे. तोही पुसला. सून आली, घराला धार आली!

मी जळतेय. हो, जळतेय, लिहायला कसली लाज? या वयात, गुडघे धरलेले असताना, नातवंडं हसतील अशी जळतेय. आबांना सांग, सीमा दसऱ्याला येत नाही. पातंही नको. तुझंच झालंय ते आता, तूच ठेव.

सीमंतिनी


बिर्लानगर, ग्वाल्हेर
१८ सप्टेंबर २०२३

सीमाताई,

आबांनी नाही केली सरळ. मी केली. त्यांना माहीतसुद्धा नाही.

तुमचं वीस ऑगस्टचं पत्र आलं, ज्यात तुम्ही लिहिलं की मधे बसून वडलांचा शब्द अडवते. त्याच दिवशी सकाळी आबांनी पेटी उघडून मला ते पातं दाखवलं होतं. म्हणाले, "बघ, याला म्हणतात हात." मी महिनोन्‌महिने दगडावर कंबर मोडली, आणि दाखवायला काढलं काय, तर वाकडी धार! दुपारी तुमचं पत्र. माझ्या डोक्यात अशी काही आग लागली, की आबा झोपले तशी उशाची किल्ली घेतली आणि पातं पदरात लपवून गोरखीच्या बाजारात गेले. तिकडे एक जण विजेच्या चाकावर कात्र्या-सुऱ्यांना धार लावतो. त्याला म्हटलं, भैया, सीधी कर दो. ठिणग्या उडाल्या, मला बघायला मजा आली. सच सांगते, मजा आली. घरी येऊन नव्या दगडावर घासून साल काढली आणि तुम्हालाच पाठवली. तुम्ही ओळखाल हे मला माहीत होतं. तुम्ही ओळखावी म्हणूनच पाठवली.

माझा जळफळाट कोणी विचारत नाही. तुम्ही जळता ते पत्रात लिहिता, मी जळते ते भांडी घासताना.

आणि चष्म्याची गोष्ट खोटी आहे, पण मी रचलेली नाही. गेल्या थंडीपासून आबांचे हात थरथरतात. कलम धरता येत नाही, चमच्यातली डाळ सांडते. पात्यावर हात सरकतो. एक-दोन सुतारांना बोथट पाती परत गेली, ते बिचारे काही बोलले नाहीत, पण आबांना दोन दिवस जेवण गेलं नाही. मग एका सकाळी मला म्हणाले, "बस इथं. तू घास, मी सांगतो. बाहेर कळता कामा नये." तुम्हाला तर बिलकुल कळवायचं नाही म्हणाले. म्हणून शिकवलं मला, ताई. आवड म्हणून नाही, नाइलाज म्हणून. सुतारांना अजून वाटतं धार आबाच लावतात. त्यांची दाढीसुद्धा आता मीच करते. वस्तरा जुनाच, त्याला धार मीच लावते. गाल ताणून धरले की डोळे मिटून बसतात, आणि बोलतात कोणाबद्दल? तुमच्याबद्दल.

आता खरी मुसीबत ऐका. चाकावरून पातं उतरलं तेव्हा एक कोपरा निळा पडला होता. मला वाटलं डाग आहे, पुसला जाईल. नाही जात. त्या कोपऱ्याची धार दोन हात मारले की मरते. खंडेनवमीला आबा पेटी उघडतील. तलवारीशेजारी ते पातं ठेवल्याशिवाय पूजा होत नाही. त्यांनी तो निळा कोपरा बघितला तर काय होईल, हा विचार करून माझी झोप गेली आहे. माझ्यावर रागावले तर रागावू दे. पण ते रडतील.

उपाय सांगायचा तर सांगा. नाही सांगितला तरी मी समजून जाईन.

हेमांगी


सांगली
२५ सप्टेंबर २०२३

हेमांगी,

तुझं पत्र वाचून आधी पाकिटाचे तुकडे केले. मग पत्ता हवा म्हणून ते जुळवत बसले. घरातले म्हणतात, हिला काय झालंय.

निळं पडलं म्हणजे पोलादाचं पाणी गेलं. तो भाग मेला, तो काही केल्या जिवंत होत नाही, घासून काढूनच टाकायचा. चाकावर पुन्हा नेशील तर याद राख! हातानंच, दगडावर, सारखं पाणी घालत. बोटाला कोमट लागलं की थांबायचं. निळ्याचा ठिपका जाईपर्यंत खाली यायचं. पातं आणखी आखूड होईल, होऊ दे, इलाज नाही.

पण धार सरळ ठेवून आबा फसणार नाहीत. ती तिरपीच पाहिजे, आणि माझी तिरपी तुझ्या उजव्या हातानं सात जन्मात यायची नाही. डाव्या हातानं घास. उजवा फक्त मागून आधाराला. डावा अंगठा कोपऱ्याजवळ, आणि परतताना मनगट किंचित आत वळतं, माझं वळायचं, आबा म्हणायचे बदक चालतंय. शेवटचे हात नव्या दगडावर मारू नकोस. परकराच्या तुकड्यातली सिल्ली काढ. तो दगड एका बाजूनं माझ्याच हातानं खोलगट झालाय, तो तुला शिकवील. "राहू दे" म्हणाले असतील. मी म्हणते, काढ. तो परकर माझा आहे.

हे सगळं लिहिताना हात आखडतोय माझा, कळलं? जे माझं एकटीचं होतं ते तुला बसून शिकवतेय, तेही तू माझं वाटोळं केल्यावर. तुझ्यासाठी नाही करत. आबा रडायला नकोत म्हणून करते.

त्यांचे हात थरथरतात हे मला कुणी सांगितलं नाही. मी पोटची मुलगी, मला चष्म्याचा नंबर सांगितला. सुनेला थरथर दाखवली. याला तू नाइलाज म्हणतेस? वेडी आहेस. माणूस आपली थरथर कुणालाही दाखवत नाही. आणि दाढी! तू लिहिलंस सहज, आणि मी ते वाक्य परत परत वाचतेय. पात्यानं जेवढी जळले नाही तेवढी त्या दाढीनं जळले. मला आबांचा गाल हाताला कसा लागतो तेही आता आठवत नाही.

दसऱ्याचं मी बोलले ते बोलले. येणार नाही. तुझं तू निस्तर.

सीमंतिनी


बिर्लानगर, ग्वाल्हेर
१२ ऑक्टोबर २०२३

सीमाताई,

निळा गेला. रोज दुपारी आबा झोपले की मागच्या अंगणात बसते. डावा हात माझा नाहीच असं वाटतं, दुसऱ्या कोणाचा उसना आणल्यासारखा. पहिल्या दिवशी तर्जनी कापली. ह्यांनी विचारलं तर म्हटलं, कद्दू कापताना लागलं.

सिल्ली उघडली. परकरावर छोटी पिवळी फुलं आहेत अजून. दगडावर हात ठेवला तर जिथं खोलगट आहे तिथं अंगठा आपोआप जाऊन बसला. मला इतकी चिढ आली, ताई. माझ्या नव्या दगडाला बघावं तर सपाट, कोणाचं काही नाही त्याच्यावर.

मनगट आत वळवायला जमत नव्हतं. काल जमलं. बदक चाललं.

पातं फार आखूड झालं आहे. रंध्यात घातलं तर लाकडी पाचर जेमतेम पकडते, जोर दिला की सुटतं. पण एक साल निघाली. एकच. ती पाठवते आहे. तुम्हीच ओळखा कोणाची आहे.

नवमीला तुम्ही असत्या तर बरं झालं असतं. मला भीती वाटते आहे.

हेमांगी


सांगली
१८ ऑक्टोबर २०२३

हेमांगी,

साल बघितली. एका कडेला जाड, दुसरीकडे विरलेली.

माझीच आहे.

लबाड! एवढ्या लवकर कशी आली तुला? मी खूश व्हावं का रडावं, काही कळत नाही.

बरी आहे.

सीमंतिनी


बिर्लानगर, ग्वाल्हेर
२७ ऑक्टोबर २०२३

चि. सीमा,

आशीर्वाद. मी सांगतो आहे, हेमांगी लिहिते आहे. लिहिताना तिचं नाक वाहतं आहे, अक्षर फुटलं तर समजून घे. तिला बजावलं आहे, मी बोलेन ते तसंच्या तसं लिहायचं.

माझे हात थरथरतात. तुला सांगितलं नाही, कारण तू तिकडून काही करू शकत नव्हतीस आणि जेवण सोडून बसली असतीस. लहानपणी तेच करायचीस. आता तुला माहीत आहे हे मला माहीत आहे, नवमीला हिनं रडत रडत कबूल केलं. तुमची पत्रं मी वाचली नाहीत. मला ऐकू येत नाही म्हणून तुम्ही दोघी मला ठार आंधळाही समजता काय? गेले कित्येक दिवस ही बाई माझी दाढी करताना डाव्या हातानं हनुवटी धरते, आणि तिचा डावा अंगठा तेलानं काळा. उजव्या हाताच्या माणसाचा डावा अंगठा काळा कशानं होतो, हे मला कुणी सांगायला नको.

कशानं होतो ते मला माहीत आहे, कारण माझाही झाला होता.

तू सासरी गेलीस, त्यानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला मी तुझ्या पात्याला धार लावली. सवयीनं, उजव्या हातानं. पूजेला मांडलं आणि बघितलं तर धार सरळ. तुझा हात गेला होता. माझ्याच हातानं घालवला होता. त्या दिवशी तुझी आई विचारत होती, जेवत का नाही. मग मी डाव्या हातानं शिकायला बसलो. मिलमधले लोक हसायचे, तुकोजी, पागल झालास काय? तुझ्यासारखी तिरपी यायला मला पुढचा दसरा उजाडला. त्यानंतर दर वर्षी डाव्या हातानंच लावत आलो, गेल्या दसऱ्यापर्यंत. तेव्हा तू जिला आपली धार समजत होतीस, ती माझी होती. तुझी पहिल्याच वर्षी गेली.

हेमांगीनं पातं भाजून आणलं तेही कळलं. एवढं आखूड उगीच होत नाही. नवमीला मी अंगठा फिरवला आणि तिच्याकडे बघितलं. ती ताट घेऊन अशी उभी होती, जणू शेजारची तलवार तिच्याचसाठी काढली आहे. मला हसू आलं. किती वर्षांनी आलं. मी म्हणालो, "बदक छान चालतंय." ती तिथंच खाली बसली आणि रडायला लागली. पूजेचं ताट विक्रमनं धरलं.

ते पातं आता रंध्यात बसत नाही. काम संपलं त्याचं. तुला पाहिजे तर तू ने, तिला पाहिजे तर ती ठेवील, त्यावर मी बोलणार नाही. मात्र तुझा डावा हात हवा असेल तर तो पात्यात नाही. तो आता हेमांगीच्या हातात आहे. काल तिनं एका सुताराच्या पात्याला चुकून डाव्या हातानं धार लावली आणि शिव्या खाल्ल्या माझ्या. म्हणजे बसला आहे तो पक्का.

तू तिच्यावर जळतेस, ती तुझ्यावर जळते. जळा. माझी ना नाही. पण एवढ्या लांबून कशाला जळतेस? जळायचं तर इथं येऊन जळ.

आबा

ताई, मी एक शब्दही बदलला नाही. शिव्या खाल्ल्या हेसुद्धा लिहिलं. तुमच्या वाटचं पातं परकराच्या तुकड्यात बांधून ठेवलं आहे, सिल्लीबरोबर.


सांगली
३ नोव्हेंबर २०२३

तीर्थरूप आबा,

मिरजेहून मंगळवारच्या गाडीचं तिकीट काढलं. बुधवारी पोचते, दिवाळी तिकडेच. हळद घेतली आहे, दोन किलो, आता पुरवा वर्षभर.

तुमचं पत्र वाचून जे झालं ते आल्यावर सांगेन. तुम्हाला ऐकू येत नाही तेच बरं, मोठ्यानं रडता येईल.

पातं हेमांगीकडेच राहू दे. सिल्लीही. तिच्या नव्या दगडाला म्हणावं, धीर धर, होशील खोलगट. गुडघे चालले तर मीही तिच्याशेजारी बसेन, आणि तिचं मनगट अजून कुठं चुकतं ते बघेन. चुकत असणारच.

फक्त एक निरोप तिला वाचून दाखवा. दाखवा कसलं, तीच वाचत असेल. हेमांगी, ऐक. मी येईपर्यंत आबांच्या दाढीला हात लावायचा नाही. वाढू दे कितीही. वस्तऱ्याला धार तू लाव, नखावर बघून ठेव. दाढी मी करणार आहे, डाव्या हातानं.

तुमची
सीमा